आर्गोचा डेटा कुठून घ्यायचा: इर्डॅप की जीडॅकच्या फाइली?

आर्गो काय आहे हे माहीत असेल असं धरून चालतो. समुद्रात सोडलेले 4000 च्या आसपास फ्लोट, म्हणजे आपोआप खाली-वर जाणारी यंत्रं, साधारण दर 10 दिवसांनी 2000 मीटरवरून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात, आणि डेटा सगळ्यांना फुकट. प्रश्न एवढाच की तो घ्यायचा कुठून. मी दोन्हीकडून घेतलाय, पण फक्त अरबी समुद्राचा, त्यामुळे दुसरीकडचं काम असेल तर माझं म्हणणं जरा तारतम्यानेच घ्या.

इर्डॅप म्हणजे हवा तेवढाच डेटा निवडून उतरवायची वेबसेवा, आणि ती खरंच सोपी आहे. अक्षांश, रेखांश, तारखा टाका, सीएसव्ही उतरवा, झालं. सगळ्या अटी लिंकमध्येच असतात म्हणून मित्राला नुसती लिंक पाठवली तरी भागतं. सीएसव्हीच्या दुसऱ्या ओळीत युनिट्स येतात आणि पायथन अख्खा कॉलम टेक्स्ट समजून बसतो, पण सीएसव्हीपी निवडलं की युनिट्स कॉलमच्या नावातच येतात आणि तेही मिटतं.

जीडॅक म्हणजे आर्गोची जागतिक डेटा केंद्रं, फ्रान्समधलं ब्रेस्ट आणि अमेरिकेतलं मॉन्टेरे, दोन्हीकडे नेटसीडीएफ (शास्त्रीय डेटाचा एक फाइल-प्रकार) फाइलींचा हा ढीग. हैदराबादच्या इनकॉइसचं, म्हणजे भारताच्या आर्गो सेंटरचं, फोल्डर वेगळं, बाकी सेंटरांची वेगळी, नवा माणूस गांगरतोच. जिओ नावाच्या फोल्डरात हिंदी महासागर दिवसवार लावून ठेवलाय, तिथून सुरू केलं तर डोकं कमी दुखतं.

एवढ्यावरच ठरवायचं असतं तर मीही इर्डॅपच म्हटलं असतं.

पण काही महिन्यांनी तीच लिंक परत चालवली आणि क्षारतेचा आलेख जुळेचना, कोड तोच, अटी त्याच. यात चूक कोणाचीच नाही. डेटा आधी रिअल-टाइम म्हणून येतो, नुसत्या ऑटोमॅटिक तपासण्या होऊन, आणि मग साधारण वर्षभराने कोणीतरी जाणकार बसून सेन्सर भरकटलाय का ते आसपासच्या खात्रीच्या मोजमापांशी ताडून बघतो, गरज पडली तर क्षारता दुरुस्त करतो, आणि प्रोफाइलचा (एका फेरीतल्या मोजमापांचा) मोड आर (रिअल-टाइम) चा डी (डिलेड, म्हणजे उशिरा तपासलेला) होतो. नवा आकडा जास्त बरोबर असतो, माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. पण रिपोर्टमध्ये जुना आलेख जाऊन बसलाय, गाइड विचारतायत हा आकडा आला कुठून, आणि लिंक कायम आजचंच दाखवते, मग जुना आकडा दाखवणार कुठून? अरबी समुद्रात हे जास्तच टोचतं, 36 च्या वर क्षारता असलेलं पाणी किती खोलीपर्यंत आहे हेच बघायचं असतं आणि दुसऱ्या दशांशात फरक पडला तरी थराची कड सरकते.

जीडॅकच्या सगळ्या डेटाचा दर महिन्याला स्नॅपशॉट काढून डीओआयसकट (संदर्भात द्यायच्या कायमच्या ओळख क्रमांकासकट) ठेवतात. तारीख घालून काढलेला सातबारा समजा, पुढे फेरफार झाला तरी त्या दिवशी काय नोंद होती ते हातात राहतं. फाइल भलीमोठी असते, होस्टेलच्या वायफायवर रात्रभर लावून ठेवावी लागते, पण मला ते चालतं.

सेमिनारसाठी पटकन एक आलेख हवा असेल किंवा या आठवड्यात समुद्र किती तापलाय एवढंच बघायचं असेल तर इर्डॅपच घ्या, उगाच ढीग उपसू नका. आणि मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यालगतचं हवं असेल तर दोन्हीकडे फारसं काही सापडणार नाही, फ्लोट 1000 मीटरवर तरंगत असतात, उथळ पाण्यात ते सहसा येतच नाहीत.

थिसिस किंवा पेपर असेल तर मात्र मी स्नॅपशॉटच घेईन. डीओआय लिहिताना हॅशच्या (#) पुढचा नंबरही लिहा, महिना त्यावरूनच कळतो, नुसता डीओआय सगळ्या महिन्यांना एकच आहे.