ग्रीन की व्हर्डंट?

इंग्रजीत हिरव्यासाठी रोजचा शब्द ग्रीन. सिग्नल, शर्ट, कच्चा आंबा, सगळीकडे चालतो. ‘ग्रो’ आणि ‘ग्रास’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. व्हर्डंट लॅटिन ‘विरिडिस’च्या कुळातला, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आलेला. त्यात रंगासोबत वाढही येते: गवताने, पानांनी गच्च भरलेली जमीन. म्हणून ‘व्हर्डंट व्हॅली’ शोभतं, ‘व्हर्डंट शर्ट’ कानाला खटकतं. श्रावणातल्या आंबोलीबद्दल इंग्रजीत लिहायचं तर मी बेधडक व्हर्डंट घेईन. धुक्यातून डोकावणाऱ्या, शेवाळाने माखलेल्या त्या कड्यांना नुसतं ग्रीन म्हणणं फार तोकडं वाटतं. नवख्या, अननुभवी माणसासाठीही हे दोन्ही शब्द वापरले जातात, पण बोलताना ग्रीनच वापरावा. त्या अर्थाचा व्हर्डंट आता क्वचितच भेटतो.