२०० 'एमबी'चं फायबर: शूटिंगवाल्याच्या नजरेतून

मी कराडचा. लग्नाचं शूटिंग करतो. एडिटिंग कोल्हापूरचा मित्र करतो, त्यामुळे मला नेट लागतं ते मुख्यतः फायली पाठवायला. मार्चमध्ये आमच्या भागातल्या केबलवाल्याकडून फायबर घेतलं. महिना ७९९, जीएसटी धरून ९४३. पत्रकावर ठळक मराठीत छापलं होतं, '२०० एमबी स्पीड'.

पहिल्याच लग्नाचं मेमरी कार्ड ६४ जीबीचं. मी मनात भागाकार केला, ६४ हजार एमबी भागिले २००, म्हणजे ३२० सेकंद. मित्राला फोन केला, "जेवायला बस, हात धुवून येशील तोवर फायली आलेल्या असतील." रात्री साडेनऊला अपलोड लावलं. पहाटे उठून बघतो तर ते संपायला आलेलं. म्हणजे सात तास! मित्र अजून मला "जेवलास का?" म्हणून टोमणा मारतो.

चूक अर्धी माझी, अर्धी त्या पत्रकाची. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट, आणि ८ बिटांचा एक बाइट. नेटचा वेग बिटात सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात. देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही, त्यामुळे 'एमबी' छापलं की दोन्ही एकच होऊन बसतात. त्यांनी शेराचा आकडा सांगितला, मी तो पायलीचा समजलो. २००ला ८नं भागलं की २५ उरतात, तेही फक्त डाउनलोडला. अपलोड २० होतं (हे पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत). २० भागिले ८, सेकंदाला अडीच एमबी. ६४ हजाराला अडीचनं भागा, सात तास बरोब्बर येतात. मला लाज याची वाटली की २००५-०६ला २५६ केबीपीएसचं (सेकंदाला २५६ किलोबिट) कनेक्शन होतं, तेव्हाही डाउनलोड ३२ किलोबाइटच्या वर जात नाही म्हणून मी फोनवर भांडलो होतो. वीस वर्षांत शहाणपण काही आलं नाही.

(कार्डावर ६४ लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर ५९ दाखवतो, कारण कार्डवाला हजारानं मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४नं, तो तंटा वेगळाच. तिथं दोष केबलवाल्याचा नाही.)

आता सर्व्हिसबद्दल. हिशोब कळल्यावरही डाउनलोड सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर सरकेना. अपेक्षा २५ची. तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी दहा वाजता लाइनमन दारात. पोरगं विशीतलं, पण कामाचं पक्कं. मोबाइलवर वायफायनं स्पीड टेस्ट केली (ती बिटात दाखवते), १८० आली. माझ्या कॉम्प्युटरवर ९४. लगेच म्हणाला, "काका, नेट बरोबर आहे. तुमची ही वायर शंभरच्या वर जात नाही." मी आधीच्या कनेक्शनची जुनी वायर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तशीच वापरत होतो. तिच्यात आठ तारा, पण टोकाला चारच जोडलेल्या. शंभरपर्यंत चार पुरतात, त्यापुढं आठही लागतात. त्यानं नवी वायर ओढली, टोकं दाबली, दीडशे रुपये घेतले. लगेच टेस्टला १९०, आणि फाइल उतरताना २२-२३ मेगाबाइट. बाकीचा थोडा वेग पत्ते-शिक्के मारण्यात जातो, म्हणजे प्रत्येक तुकड्याबरोबर जाणाऱ्या जादा माहितीत. तेवढं चालायचंच.

जाता जाता त्यालाच विचारलं, अपलोड वाढत नाही का? म्हणाला, त्याच पैशात १०० वर, १०० खाली असा प्लॅन आहे, पण कोणी मागत नाही. गिऱ्हाइकाला २०० ऐकायला बरं वाटतं. मी त्याच दिवशी २०० सोडून १०० घेतलं. शेजारचे म्हणाले, पैसे तेवढेच आणि स्पीड निम्मं, फसलास. आता ६४ जीबी दीड तासात कोल्हापुरात पोचतात. तुम्ही नुसते सिनेमे बघत असाल तर २००च घ्या. फायली पाठवणाऱ्यानं मात्र आधी अपलोडचा आकडा विचारावा आणि त्याला तिथल्या तिथं ८नं भागावं.

खटकणारी गोष्ट एकच, लाइट. घरात इन्व्हर्टर आहे, राउटर चालू राहतो, पण दोन तासांच्या वर लाइट गेली की नेटही जातं, कारण केबलवाल्याच्या पेटीतली बॅटरी तेवढीच टिकते. जुलैच्या पावसात चार वेळा असं झालं. एकदा तर ९० टक्के फाइल पाठवून झालेली. दरवेळी 'बॅटरी मागवली आहे' हेच उत्तर.

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले तीन त्या लाइनमनचे. नवं पत्रक गणपतीत आलं, त्यावर आता '३०० एमबी' छापलंय.