हीटेड ग्रिप झिजल्या: कंपनीची जोडी, बाहेरचा संच की नुसते मफ?

मी इंग्लंडमध्ये रोज रेडिंगहून स्लाउला १२५ सीसी स्कूटरवर जाते. अजून सीबीटीवरच, म्हणजे शिकाऊ चालकांच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या दाखल्यावरच, चालवत असल्यामुळे एम४ मोटरवे मला बंद आहे, म्हणून मेडनहेडमधून जाणारा ए४ रस्ता. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावरही पाऊण तास सहज जातो. हवेचं तापमान शून्य अंश असेल आणि स्कूटर ताशी ५० किलोमीटरने धावत असेल, तर उघड्या कातडीला ते साधारण उणे ८ अंशांसारखं लागतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे लोकरी हातमोजे घातले की भागायचं. इथे पाऊण तासानंतर ब्रेकवरची बोटं आपली आहेत की नाहीत हेच कळेनासं होतं, आणि स्कूटरचे दोन्ही लिव्हर ब्रेकचेच असतात. म्हणून हीटेड ग्रिप, म्हणजे विजेवर तापणाऱ्या मुठी, हा विषय मला हौसेचा वाटत नाही.

माझ्या ग्रिप पाच हिवाळे टिकल्या. उजव्या मुठीचं रबर गुळगुळीत होऊन चकाकायला लागलं, ओल्या मोज्याखाली ती निसटायला लागली, आणि या नोव्हेंबरात ती गारही पडली. डावी मात्र ठणठणीत. आता नवं काय घ्यावं याचा मी बराच शोध घेतला. ज्यांच्यापुढे हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पण खरेदीच्या आधी एक तपासणी करा. गार पडते ती बहुतेक वेळा उजवीच. कारण साधं आहे: रेस देताना मूठ फिरते, मुठीतून निघणारी वायर प्रत्येक वेळी वाकते, आणि हजारो वेळा वाकल्यावर आतली तांब्याची तार तुटते. जोडणीचा सॉकेट सोडवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि दोन्ही मुठींचा रोध मोजा. डावी काही ओहम दाखवते आणि उजवी अनंत, म्हणजे तार तुटलेली. मग उजवी वायर बोटांनी हलवत पुन्हा मोजा. आकडा मध्येच येऊन जात असेल, तर तुटलेली जागा त्या वाकणात आहे. ती रबराच्या बाहेर असेल तर डाखकाम करून, वर हीट-श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवून आणि वायरला थोडी ढील देऊन काम भागतं. रबर चांगलं असेल तर तेवढंच करा, पैसे वाचवा. माझी तार रबराच्या आत तुटली होती, आणि रबरही संपलेलंच होतं.

पहिला पर्याय कंपनीची मूळ जोडी. होंडासारख्या कंपन्या आपल्या स्कूटरसाठी ग्रिप विकतात. त्या बारीक असतात, बटण स्कूटरच्या रूपात मिसळून जातं, वायरिंगला तयार सॉकेट मिळतो आणि बॅटरी उतरू लागली की वीज आपोआप तोडणारं सर्किट आत असतं. बसल्यावर ती मुळातच तिथे होती असं वाटतं. अडचण किमतीची. ग्रिप वेगळ्या, जोडणीचा संच वेगळा, कधी गोंदही वेगळा, आणि वर बसवण्याची मजुरी. एकूण रक्कम बाहेरच्या संचाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त होणं नवलाचं नाही. स्कूटर वॉरंटीत असेल, किंवा ग्रिपचं नियंत्रण डॅशबोर्डच्या मेन्यूतूनच होत असेल, तर मी हाच मार्ग घेईन. त्या दोन गोष्टी नसतील तर एवढे पैसे घालायला मला कारण दिसत नाही.

दुसरा पर्याय बाहेरचा संच, आणि माझ्या मते बहुतेकांनी इथेच थांबून नीट बघावं. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड कंपनीच्या हॉटग्रिप्स सगळीकडे मिळतात. तैवानची कोसो आणि जपानची डेटोना यांच्या काही जोड्यांत बटण डाव्या मुठीतच असतं, त्यामुळे आच कमी-जास्त करणारा वेगळा कंट्रोलर कुठे चिकटवायचा हा प्रश्न उरत नाही. छोट्या स्कूटरच्या हँडलवर जागा कमी असते, तेव्हा ही सोय मोठी. उलट वेगळ्या कंट्रोलरचा फायदा असा की पुढे ग्रिप झिजली तरी तो तसाच राहतो.

घेताना तीन मापं बघा. हँडलची नळी बहुतेक स्कूटरवर २२ मिलिमीटर असते; उजवीकडे त्यावर रेसची प्लॅस्टिकची नळी असते, म्हणून उजव्या ग्रिपचं भोक मोठं असतं. तिसरं माप लांबीचं, आणि चूक होते ती इथेच. मोटरसायकलसाठीची ग्रिप लांब निघते आणि हँडलच्या टोकाला बसवलेल्या वजनाला घासते. ज्या ग्रिपवर कापायची खूण आहे तीच कापा. इतरांत टोकापर्यंत तापणारी तार असू शकते.

विजेचा हिशोबही करा. अशा जोड्या पूर्ण आचेवर साधारण ४ अँपिअर ओढतात, म्हणजे ५० वॉटच्या आसपास. छोट्या स्कूटरची बॅटरी बहुधा ६ ते ८ अँपिअर-अवरची. इंजिन चालू असताना अडचण येत नाही, पण ग्रिप चालू राहून इंजिन बंद राहिलं तर तासाभरातच स्टार्टर रुसू शकतो. म्हणून व्होल्टेज पडल्यावर बंद होणारा कंट्रोलर घ्या, किंवा चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या रिलेवरून वीज घ्या. संचातला फ्यूज काढून जाड फ्यूज कधीही घालू नका.

तिसरा पर्याय साध्या ग्रिपच्या खाली चिकटवायच्या तापपट्ट्या. पैसे कमी लागतात आणि वरची ग्रिप झिजली की फक्त तीच बदलायची, हे मला फार पटतं. पण डावी पट्टी धातूच्या हँडलवर बसते आणि तिची ऊब हँडल पिऊन टाकतं. उजवी प्लॅस्टिकवर असते, ती चांगली तापते. डाव्या नळीवर आधी हीट-श्रिंकचा थर चढवला तर फरक कमी होतो. हाताने काम करायची आवड असेल त्यांनी हे जरूर करावं.

वरून गुंडाळायच्या गरम पट्ट्यांचा मी विचारच सोडला. मूठ जाड होते, माझ्यासारख्या लहान हाताला लिव्हर लांब पडतो, आणि रेसच्या मुठीवर पट्टी सरकली तर काय होईल हे सांगायला नको.

राहिले मफ, म्हणजे हँडलवर बसवायची, हात आत घालायची आवरणं. मिलानच्या तुकानो उर्बानोचे मफ आणि पायांवरची पांघरुणं इटली-फ्रान्समध्ये हिवाळाभर स्कूटरवर दिसतात. त्यांना तार नाही, फ्यूज नाही. गरम ग्रिप तळहात शेकते, पण बोटांच्या पाठीवर वारा आदळतच राहतो. मफ तो वारा आणि पाऊस दोन्ही अडवतात. शिवाय आत पातळ हातमोजे चालतात, त्यामुळे ब्रेकचा अंदाज चांगला येतो. जाड मोज्यांच्या तळव्यात भरलेलं अस्तर तर ग्रिपची ऊबही अडवतं. दोष दोन. इंडिकेटर आणि हॉर्न न बघता सापडावे लागतात, त्याला आठवडाभर सवय लागते. दुसरा गंभीर आहे: मऊ मफ वेगात वाऱ्याने दाबला जाऊन ब्रेक लिव्हरवर टेकू शकतो. म्हणून आत ताठ चौकट असलेला आणि हँडलला पक्का बांधता येणारा मफच घ्या, आणि मागच्याला तुमचा ब्रेक-दिवा सतत पेटलेला दिसत नाही ना, हे कुणाकडून तरी बघून घ्या.

मी शेवटी बाहेरचा संच आणि मफ, असे दोन्ही घेतले. मफ असल्यामुळे ग्रिप मधल्या आचेवर पुरते, बॅटरीवरचा भारही कमी. तुमचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा असेल तर साधी नवी ग्रिप आणि मफ एवढं बास आहे. अर्ध्या तासाच्या वर रोज जात असाल तर गरम ग्रिप हवीच. वर्षभर तीच स्कूटर आणि उन्हाळ्यात मफ काढायचा कंटाळा, अशांनी फक्त संच घ्यावा, पण विंडस्क्रीनची रुंदी हाताला पुरते का ते बघावं. विमा कंपनीला मात्र कळवून ठेवा, बाहेरून बसवलेली गोष्ट इथे बदल म्हणून धरली जाते.

बसवताना जुनी ग्रिप ब्लेडने लांबीत चिरून काढली तरी चालते, ती टाकायचीच आहे. फक्त खालची रेसची नळी कापू नका. त्या नळीवर रबर पकडण्यासाठी उभे कंगोरे असतील तर ते कानशीने घासावे लागतात. थोडं घासा, ग्रिप कोरडी घालून बघा, पुन्हा घासा. नीट बसली की मगच गोंद. संचाबरोबर येणारा गोंद फेविक्विकच्या जातीचा असतो, हातात काही सेकंदच मिळतात. त्याआधी उजव्या ग्रिपची वायर कुठल्या बाजूला येणार ते ठरवा: रेस पूर्ण दिली तरी वायर ताणली जाऊ नये आणि सोडल्यावर ब्रेक ऑइलच्या भांड्यात अडकू नये. ग्रिप आणि टोकाचं वजन यांत मिलिमीटर-दोन मिलिमीटर जागा ठेवा. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी इंजिन चालू न करता हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा, दोन्हीकडे रेस पिळून सोडा. मूठ दोन्ही वेळा आपोआप झटकन परत आली पाहिजे. जराही रेंगाळली, तर स्कूटर बाहेर काढू नका. आधी ती कुठे घासते ते शोधा.