सशाच्या दाढा घासून आणल्यानंतर: वजनकाटा, पावडर, सिरिंज आणि गवत यांचा काही महिन्यांचा अनुभव

आमच्या भुऱ्याच्या दाढांना धारदार टोकं आली होती, ती भूल देऊन घासावी लागली. त्याला आता बरेच महिने झाले, आणि मधल्या काळात तेच पुन्हा एकदा करावं लागलं. दवाखान्यातून घरी आलेला ससा बरा व्हायला सुरुवात होते ती घरीच. त्या काळात रोज वापरलेल्या वस्तूंपैकी कुठली खरोखर कामाची ठरली आणि कुठलीवर खर्च करू नये, ते इथे लिहिते आहे. औषधांचं प्रमाण मात्र प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांकडूनच घ्यावं.

पहिला मान वजनकाट्याला. पावडर किंवा सिरिंजच्याही आधी हा घ्या. ससा दुखणं लपवतो आणि दाट केसांमुळे त्याचं वाळणं डोळ्यांना दिसत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक ते पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा आणि पाच किलोपर्यंत वजन घेणारा, पुरेसा होतो. त्यावर पुठ्ठ्याचा खोका ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि सशाला आत बसवायचं. माणसांचा काटा इथे निरुपयोगी, कारण त्यावर शंभर ग्रॅमच्या आतलं काही कळतच नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. भुऱ्या एरवी दोन किलोंच्या आसपास असतो. त्याच्यात दोनशे ग्रॅमची घट म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा गेला, आणि ही गंभीर गोष्ट आहे. वीस-तीस ग्रॅमचा चढउतार लघवी आणि पोटातल्या अन्नामुळे होतच असतो, त्याने घाबरू नये. वजन रोज ठरावीक वेळी करावं, वहीत लिहावं आणि आकडे कुठल्या दिशेने चाललेत ते पाहावं.

दुसऱ्या वेळी दाढा वाढल्याचं मला या वहीनेच सांगितलं. भुऱ्या गोळीखाद्य आवडीने खात होता, कोथिंबीर दिसली की धावत येत होता, कुणीही म्हणालं असतं की ससा ठणठणीत आहे. पण वजन हळूहळू उतरत होतं आणि गवताची टोपली तशीच भरलेली राहत होती. डॉक्टरांनी तपासलं तर टोकं पुन्हा आलेली. या सगळ्या महिन्यांतून मला कळलेली मुख्य गोष्ट हीच. ससा खातोय एवढ्याने समाधान मानू नये, तो गवत चावतोय का ते पाहावं.

याचं कारण त्याच्या तोंडाच्या रचनेत आहे. सशाला २८ दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला साधारण दोन ते तीन मिलिमीटर वाढतात. खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असल्यामुळे दाढा झिजायला जबडा आडवा फिरावा लागतो. लांब, चिवट गवत चावताना तो तसा फिरतो. गोळीखाद्य मात्र वरखाली दाबूनच चुरलं जातं. झीज कमी पडली की खालच्या दाढांची टोकं जिभेकडे आणि वरच्यांची गालाकडे वाढतात व तिथे जखमा करतात. टोकं घासली तरी त्या जखमा लगेच भरत नाहीत. शिवाय उपचाराच्या वेळी तोंड बराच वेळ ताणून उघडं ठेवलेलं असल्याने जबडाही दुखतो. म्हणून ससा खायला नकार देतो, आणि सशाचं खाणं थांबलं की आतडं थांबायला वेळ लागत नाही. बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

इथे पावडर उपयोगी पडते. गवतावर आधारलेलं आजारपणातलं हे खाद्य पाण्यात कालवून सिरिंजने भरवायचं असतं. आम्ही ऑक्सबोचं क्रिटिकल केअर वापरलं. एक भाग पावडर आणि दोन भाग कोमट पाणी घ्यायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं म्हणजे ते फुगतं, मग लागेल तसं पाणी वाढवायचं. त्यात जाडसर आणि बारीक दळलेला असे दोन प्रकार मिळतात. शक्य असेल तिथे मी जाडसर निवडते, कारण लांब तंतू आतड्याला हलतं ठेवतात. सिरिंजचं तोंड अरुंद असेल तर मात्र बारीकच घ्यावं. पूर्णपणे भरवण्यावर असलेल्या सशासाठी दिवसाला किलोमागे सुमारे ५० मिली कालवलेलं खाद्य हे प्रमाण सांगितलं जातं, आणि ते चार-पाच वेळांत विभागून द्यायचं असतं. ससा स्वतः जितकं खाऊ लागेल, तितकं हे कमी करत न्यायचं. भुऱ्याला पहिल्यांदा ते आवडलं नाही, पुढे मात्र तो बशीतूनच चाटायला लागला. तो टप्पा आला की भरवणाऱ्याचाही जीव भांड्यात पडतो. कालवलेलं उरलं तर फ्रिजमध्ये ठेवावं आणि दिवसभरात संपलं नाही तर टाकून द्यावं. फोडलेलं पाकीट मी घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवते.

पोट फुगलेलं आणि कडक लागत असेल तर काहीही भरवू नका. आतड्यात अडथळा असला तर भरवण्याने जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर.

सिरिंजच्या बाबतीत औषधासाठी एक मिलीची आणि खाद्यासाठी रुंद तोंडाची दहा मिलीची असा संच सोयीचा पडला. फार मोठी सिरिंज नको, दट्ट्या अडकतो आणि जोर लावला की एकदम भसकन खाद्य तोंडात जातं. ते श्वासनलिकेत शिरण्याचा धोका असतो. धुऊन धुऊन रबरी दट्ट्या कडक होतो, तसा झाला की सिरिंज बदलावी. भरवताना सशाला जमिनीवर किंवा मांडीवर त्याच्या नेहमीच्या बैठकीत, टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून घ्यायचं. उताणं कधीच करायचं नाही. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज घालायची, एकावेळी जेमतेम मिलीभर सोडायचं आणि तो चावून गिळेपर्यंत थांबायचं. घाई अजिबात नको. नंतर हनुवटी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, नाहीतर खालची कातडी लाल होते.

वेदनाशामकाबद्दल माझं मत ठाम आहे. ते ससा बरा दिसतो म्हणून मध्येच बंद करू नये. आम्हाला मेलोक्सिकॅम दिलं होतं. सशाचं शरीर ते वेगाने बाहेर टाकतं, म्हणून कुत्र्यामांजरांच्या प्रमाणावरून सशाचा अंदाज बांधता येत नाही. औषधाचा वेळ टळला की भुऱ्या पाठ गोल करून कोपऱ्यात बसायचा, डोळे अर्धे मिटलेले आणि दात एकमेकांवर मोठ्याने घासल्याचा आवाज यायचा. समाधानात असताना ससा दात हळू घासतो, तो आवाज वेगळा. काही दिवस सोबत राहिलं की फरक ओळखू येतो. अँटिबायोटिक लागलंच तर ते सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडूनच घ्या. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून जीव घेऊ शकतं. घरातल्या माणसांच्या गोळ्यांना तर हातही लावू नये.

लेंड्यांकडे रोज बारकाईने पाहावं लागतं. त्या गोल, एकसारख्या आणि कुस्करल्यावर गवताचे तंतू दिसणाऱ्या हव्यात. उपचारानंतर सुरुवातीला त्या लहान आणि काळपट येतात, गवत सुरू झालं की आकार वाढत जातो. मऊ, चकचकीत, छोट्या द्राक्षांच्या घडासारख्या लेंड्या ससा एरवी थेट खातो. त्या पडून राहू लागल्या तर त्याला वाकायला किंवा तोंड लावायला त्रास होतोय का, हे पाहायला हवं.

आता गवत. पहिल्या कापणीचं टिमोथी गवत जाड काड्यांचं असतं आणि दाढांच्या झिजेसाठी चांगलं मानलं जातं, पण जखमेच्या तोंडाला ते टोचतं. म्हणून सुरुवातीला मऊ, पानेदार, नंतरच्या कापणीचं गवत ठेवलं आणि हळूहळू त्यात जाड काड्या मिसळत नेल्या. लसूणघास मऊ असतो आणि सशांना आवडतो, पण त्यात कॅल्शियम जास्त असल्याने मोठ्या सशाला रोजचं गवत म्हणून देत नाही. गोळीखाद्य पाण्यात भिजवून मोजकंच दिलं. ते पोटभर मिळालं की गवताला तोंड कोण लावणार? पाण्यासाठी बाटलीऐवजी जड वाटी ठेवली. जीभ दुखत असताना बाटलीच्या नळीच्या तोंडातली गोळी जिभेने ढकलत बसण्यापेक्षा वाटीतून पिणं सोपं जातं आणि पाणीही जास्त प्यायलं जातं.

दातांसाठी म्हणून विकले जाणारे लाकडी तुकडे आणि क्षारांचे खडे दाढांच्या कामाचे नाहीत. लाकूड पटाशीच्या दातांनी कुरतडलं जातं, दाढांपर्यंत ते पोचतच नाही. वेळ घालवायला लाकूड ठीक आहे, खडे तर मी घरातूनच काढले. नेलकटरसारख्या हत्याराने दात कापून देणाऱ्यांपासूनही लांब राहा. दात उभा चिरतो आणि मुळाशी गळू होऊ शकतं. घासायचं काम मशीननेच व्हावं, आणि दाढांची मुळं पाहायला एक्स-रे किंवा स्कॅन सुचवला तर टाळू नये.

सोबत दुसरा ससा असेल तर त्याला दवाखान्यातही बरोबर न्या. वास बदलला की परत आल्यावर भांडणं होतात, आणि सोबती शेजारी बसून खाऊ लागला की आजारीही तोंड घालतो.

ज्यांच्या दाढांची ठेवणच बिघडली आहे, त्यांची टोकं पुन्हा पुन्हा वाढतात. काहींना काही आठवड्यांनीच परत न्यावं लागतं, काहींना महिने जातात. भुऱ्या सध्या जाड काड्यांचं गवत स्वतःहून ओढून खातो आणि वहीतला आकडा स्थिर आहे. आता त्याचं वजन आठवड्यातून एकदा करते. सलग तीन वेळा आकडा खाली गेला, तर गोळीखाद्य वाढवून वजन सावरण्याच्या भानगडीत न पडता थेट डॉक्टरांची वेळ घ्यायची, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. एक बंद पाकीट, दोन नव्या सिरिंजा आणि डॉक्टरांनी भुऱ्याच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेला औषधाचा कागद कपाटात एकत्र ठेवला आहे. पाकिटाची मुदत संपायच्या आत नवं आणायचं, म्हणून ती तारीखही वहीच्या पहिल्याच पानावर लिहिली आहे.