बाळ आजीकडे की पाळणाघरात?

बाळंतपणाची रजा संपत आली की नोकरदार घरांत एकच विषय चालतो: बाळाला सांभाळणार कोण? बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती संपते तेव्हा बाळ जेमतेम वरणाचं पाणी चाटायला लागलेलं असतं.

आजी असली की जिवाला घोर नसतो. मऊ भात, दुपारची झोप सगळं घरच्या घरी, आणि मीटिंग लांबली तरी सहाच्या ठोक्याला पळावं लागत नाही. पण साठीतल्या बाईने रांगत्या पोरामागे दिवसभर वाकायचं म्हणजे गुडघे बोलायला लागतात. त्या सांगत नाहीत, आपण विचारत नाही. शिवाय आपलं गाव, भिशी, भजनी मंडळ सोडून त्या येतात, हे आपण फारच गृहीत धरतो.

पाळणाघरात पैसे मोजावे लागतात, सुरुवातीला सर्दी-तापही पाठ सोडत नाही. मात्र कुणाच्या उपकाराचं ओझं नसतं. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे. आईला दिवसातून 4 वेळा तिथे जाता येतं. हे मुलाखतीतच विचारा, संकोच करू नका.

माझा कौल पाळणाघराला, अगदी आजी घरात असली तरी. तिने संध्याकाळी नातवाला मांडीवर घ्यावं, दिवसाची ड्यूटी करू नये. आणि सोडण्या-आणण्याच्या पाळ्या बाबानेही वाटून घ्याव्यात.