रविवार पेठेतून काजू घेताय? तुकडाच घ्या
मित्रमंडळी घरी जमणार होती म्हणून बेळगावच्या रविवार पेठेतल्या एका होलसेल दुकानातून काजू, शेंगदाणे, बदाम आणले, काजू एकदम फ्रेश आहेत बघा. काजूकतलीला अख्खे कशाला घ्यायचे, शेवटी मिक्सरलाच जाणार ना, अख्ख्यात 320 नंबर म्हणजे पाउंडाला साधारण 300 ते 320 दाणे, 240 त्याहून मोठा आणि महाग, तुकडा मात्र बराच स्वस्त पडतो आणि चवीत काडीचा फरक नाही. फक्त मिक्सर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवला की तेल सुटतं आणि पावडर न होता गोळा होतो. पाक एकतारी. समोर कुंदा (आपली खव्याची मिठाई) ठेवलेला असूनही मंडळींनी आधी कतलीचा फडशा पाडला! उरलेला तुकडा तुपात परतून वर मीठ-मिरपूड, चहाबरोबर लई भारी. शेंगदाण्याची लसूण घालून चटणी कुटली, तीपण मस्त.

बदाम मात्र नको, पाकिटात खालचे खवट निघाले, सांगितलं तर काउंटरवरचा म्हणतो "फ्रिजमध्ये ठेवायचे की वो". अहो, कालच नेलेत! सुटा माल चाखायला देतात, तोच घ्या, आणि गाडी लांबच लावा.