चिपळुणात गेमिंग पीसी: नऊ महिने वापरल्यावर

नोव्हेंबर २०२३मध्ये बोनस हातात आला आणि थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठला. सुटे भाग घेतले आणि रात्रीची कोकणकन्या पकडली. कॅबिनेटचा खोका सीटखाली, ग्राफिक्स कार्ड मांडीवर. झोप कसली लागते! आता ऑगस्ट संपत आलाय, तेव्हा हिशेब मांडायला हरकत नाही.

भाग असे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, आरएक्स ६६०० कार्ड, ५५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि २४ इंची १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर. सगळं मिळून पंच्याहत्तर हजारांच्या आतबाहेर. दुकानदार "आरटीएक्स ४०६०च घ्या" म्हणून मागे लागला होता. पण ते कार्ड महाग, त्यासाठी पैसे वाचवायला कॅबिनेटबरोबर मिळतो तो बिननावाचा एसएमपीएस घ्यावा लागला असता. नाही घेतला, आणि त्याचं आजही वाईट वाटत नाही.

जोडणी घरीच केली. प्रोसेसरबरोबर आलेला कूलर काही केल्या बसेना. त्यासाठी मदरबोर्डवरचे प्लॅस्टिकचे दोन कंस आधी काढावे लागतात, हे कळायला तास गेला. कंस काढले की मागची लोखंडी पट्टी सुटून खाली पडते. ती एका हाताने मागून धरायची आणि दुसऱ्या हाताने स्क्रू आवळायचे, तेही आडवे-तिरपे, थोडे थोडे. आई दारात उभी. "एवढे पंखे ह्याच्यात बसवतोस, स्वयंपाकघरातला एक पंखा दुरुस्त करवत नाही तुला."

चुका दोन झाल्या, दोन्ही माझ्याच. रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी लावल्या होत्या. त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. वर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू केलं नव्हतं, त्यामुळे ३२०० वेगाची रॅम २६६६वर रांगत होती. दुसरी चूक सांगायलाही लाज वाटते. महिनाभर मी १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ६०नेच खेळत होतो. मावसभावाने नुसता माउस हलवला आणि म्हणाला, "दादा, विंडोजच्या सेटिंगमध्ये बदललं नाहीस ना?"

खेळांबद्दल फार लिहीत नाही. १०८० पीवर व्हॅलोरंट सेकंदाला दोनशे फ्रेमच्या वर जातो. सायबरपंक एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करायची सोय) लावून साठच्या आसपास. एल्डन रिंग तर मुळात साठलाच अडवलेला आहे, तिथे कितीही भारी कार्ड घ्या.

खरी गंमत एप्रिलमध्ये झाली. उकाड्याने चपला काढून अनवाणी बसलो, पाय फरशीवर, आणि पेन ड्राइव्ह लावताना बोट कॅबिनेटच्या पत्र्याला लागलं. झिणझिण्या! मल्टिमीटर लावला तर पत्रा आणि नळ यांच्यात ११० व्होल्ट. एसएमपीएस गेला असं धरून मी दुकानदाराला फोनवर चार शब्द सुनावलेसुद्धा. मग वायरमनकाका आले, त्यांनी भिंतीवरचा बोर्ड उघडला आणि हसले. "तीन भोकं दिसतात म्हणजे आत तीन वायरी असतात असं नाही रे." अर्थिंगची वायर नव्हतीच.

एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याकडे बारीक कपॅसिटर जोडलेले असतात. त्यातून किंचित गळती होते, ती अर्थिंगने जमिनीत जायची. वाटच नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मं व्होल्टेज उभं राहतं. मागच्या अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून प्लेट पुरली, बोर्डापर्यंत वायर ओढली. आता मीटरवर एक-दीड व्होल्ट. दुकानदाराची फोन करून माफी मागितली.

यूपीएसच्या बाबतीतही माझा अंदाजच चुकला. जुना ६०० व्हीएचा चालेल असं वाटलं होतं. कागदावर तो ३६० वॉट देतो, पण बॅटरी तीन वर्षांची. ऐन खेळात लाइट गेली की एकदाच किंचाळायचा आणि सगळं बंद. १ केव्हीएचा घेतल्यावर दहा मिनिटं मिळतात, शांतपणे सेव्ह करून बंद करायला पुरतात. जुन्यात नवी बॅटरी टाकून तो राउटरला दिलाय.

पावसाळ्यात मागच्या स्क्रूंवर गंज आला, कीबोर्डच्या पिशवीला बुरशी. आत मात्र कोरडं आहे. रोज तासभर तरी चालू ठेवतो, त्या उष्णतेने ओल टिकत नाही. कॅबिनेट टेबलावर असतं, जमिनीवर कधीच नाही. २२ जुलै २०२१च्या पुरात याच खोलीत छातीएवढं पाणी होतं. त्यामुळे मागच्या चारही वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात. पावसाने जोर धरला की त्या उपटायच्या आणि कॅबिनेट उचलून वर काकांकडे. आई म्हणते, आधी मिक्सर ने.